फिल्टर काढताना पाना, बसवताना हात
(घरच्या घरी ऑइल बदलणाऱ्या आमच्या गिऱ्हाइकांसाठी)

आमच्या काउंटरवरून गेलेला ऑइल फिल्टर परत येतो तेव्हा सोबत सहसा दोनपैकी एक तक्रार असते. एक, "गळतोय." दुसरी, "जुना निघतच नव्हता, शेवटी हा असा झाला." हा दुसरा फिल्टर बघण्यासारखा असतो. स्क्रू ड्रायव्हर आरपार, पत्रा फाटलेला, आतला कागद बाहेर. चौकशी केली की कळतं, मागच्या वर्षी तो याच दादांनी बेल्ट पान्यानं जीव खाऊन आवळला होता. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच, फिल्टर बसवतानाची पाच मिनिटं. म्हणून हे पत्रक आम्ही फिल्टरच्या पिशवीत घालून देतो. गाडीखाली शिरण्याआधी वाचा, शिरल्यावर हात काळे असतात.

आधी गाडी उचलण्याबद्दल

कोकणात खळ्यात, म्हणजे अंगणात, गाडी घेतली की हाताशी पहिली येते ती वस्तू म्हणजे जांभ्याचा चिरा. चाकामागे अडसर म्हणून चिरा ठीक. गाडीचं वजन पेलायला मात्र तो कधीही ठेवू नका. जांभा सच्छिद्र असतो, एका कोपऱ्यावर भार आला की सूचना न देता तुटतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीही जायचं नाही. लोखंडी स्टँड किंवा घोडी लावा, हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा. शेणानं सारवलेल्या किंवा पावसानं भिजलेल्या खळ्यात स्टँड रुततो. तिथे खाली जाड फळी टाका, नाहीतर काम सिमेंटच्या जागेवर करा.

इंजिन कोमट हवं. बाजारात जाऊन येण्याइतकी गाडी चालवा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. कोमट ऑइल पातळ होऊन गाळासकट उतरतं. थेट चिपळूणहून घाट चढून आलेल्या इंजिनला लगेच हात लावलात तर फोड येतील. काही गाड्यांत फिल्टर सायलेन्सरच्या पाइपाला खेटून असतो, तिथे हातमोजे घाला.

चेंबरचा नट

चेंबर म्हणजे इंजिनच्या तळाची ऑइलची टाकी. यावर थोडक्यातच लिहितो. ऑइलचा नट आणि गिअरबॉक्सचा नट ओळखून घ्या. दोन्ही खालीच असतात आणि दरवर्षी एखाद्या गिऱ्हाइकाचं गिअर ऑइल चुकून खाली येतं. नट सोडायला गोटी पाना किंवा रिंग पाना वापरा. उघड्या पान्यानं डोकं गोल होतं. परत लावताना वायसर नवीन घ्या आणि पहिले चार-पाच आटे बोटांनीच फिरवा. बोटांनी फिरत नसेल तर तिरका लागतोय, पाना लावू नका. ॲल्युमिनियमच्या चेंबरमध्ये आटे गेले की खर्च फिल्टरच्या कितीतरी पट होतो.

जुना फिल्टर काढणं

फिल्टरच्या बुडाकडून पाहिलं तर तो घड्याळाच्या उलट्या दिशेनं सुटतो. आडवे पडून वर बघताना भल्याभल्यांना दिशा चुकते आणि फिल्टर आणखी आवळला जातो. खडूनं बाण काढून ठेवा. यात कमीपणा नाही, आमचा मेस्त्रीही नवीन पोराला तेच सांगतो.

आधी हातानं बघा. ऑइलचा हात घसरत असेल तर फिल्टर फडक्यानं पुसून त्याभोवती पॉलिशपेपरची पट्टी खरबरीत बाजू फिल्टरकडे ठेवून गुंडाळा. निम्मे फिल्टर एवढ्यावरच सुटतात. नाही सुटला तर वाटीसारखा टोपी पाना सगळ्यात चांगला, कारण तो फिल्टरच्या बुडाच्या कंगोऱ्यांवर बसतो आणि पत्रा दाबत नाही. तो मापाचाच लागतो. जुना फिल्टर दाखवलात तर माप आम्ही जुळवून देऊ. बेल्ट किंवा चेन पाना चालतो, पण तो फिल्टरच्या बुंध्याशी, म्हणजे इंजिनच्या बाजूला लावा. तिथे पत्र्याला आतल्या जाड चकतीचा आधार असतो. मधोमध लावलात तर डबा चेपतो आणि फिल्टर जागचा हलत नाही.

स्क्रू ड्रायव्हर ठोकून फिरवण्याची युक्ती तुम्हाला कोणीतरी सांगेलच. पत्रा जुना असेल तर तो कागदासारखा फाटत जातो, चकती तशीच इंजिनला चिकटून राहते आणि मग धरायला काहीच उरत नाही. शिवाय फिल्टर ज्यावर चढतो तो आतला मधला आटेवाला पाइप दुखावला तर काम वाढतं. स्क्रू ड्रायव्हर ठोकलेला नाही आणि ऑइलही सोडलेलं नाही, तोवर गाडी चालण्याजोगी असते, हे लक्षात घ्या. तशीच गॅरेजला न्या. म्हणूनच ऑइल सोडण्याआधी फिल्टर हलतोय का ते पाहून ठेवा, अगदी पाव फेरा. ऑइल काढून झाल्यावर फिल्टर अडला तर गाडी खळ्यातच अडकते.

समुद्राकाठच्या गाड्यांचे फिल्टर जास्त चिकटतात, असा आमचा अनुभव आहे. खारट हवेत पत्रा गंजतो, मग त्यावर पान्याची पकड बसत नाही. अशा गाडीला फिल्टर दोन वर्षं तसाच ठेवू नका.

रबर बघा, रबर

हे पत्रक फेकून दिलंत तरी एवढं लक्षात ठेवा. जुना फिल्टर खाली आला की त्याच्या तोंडावर रबराची रिंग आहे का ते बघा. नसेल तर ती इंजिनला चिकटलेली आहे. वर्षभर तापून रबर धातूला धरून बसतं, फिल्टर येतो आणि रिंग मागे राहते. ती काळी, इंजिनही काळं, दिसत नाही. त्यावर नवा फिल्टर चढवला की दोन रिंगा एकावर एक बसतात. गाडी सुरू केल्यावर दोन मिनिटं सगळं ठाकठीक वाटतं. मग दाबानं एक रिंग बाहेर सरकते आणि सगळं ऑइल रस्त्यावर.

गणपतीला आलेल्या एका चाकरमान्यानं परतीच्या आदल्या दिवशी घरी ऑइल बदललं. दुसऱ्या दिवशी परशुराम घाटात ऑइलचा लाल दिवा लागला. "घाट संपल्यावर बघू" म्हणून ते तसेच पुढे गेले. इंजिन खोलावं लागलं. तो फिल्टर आमच्याच दुकानातला होता. तो घेऊन ते भांडायलाच आले होते, पण फिल्टरच्या तोंडावर दोन रिंगा होत्या. नंतर चहा झाला, पण त्यांचा गणपती महागात पडला तो पडलाच.

म्हणून इंजिनवरची फिल्टरची बैठक स्वच्छ फडक्यानं पुसा आणि बोट गोल फिरवून बघा. आणखी एक गोष्ट तिथेच तपासा. मधला आटेवाला पाइप जुन्या फिल्टरबरोबर सुटून तर आला नाही ना? आला असेल तर तो आधी जागच्या जागी घट्ट बसवावा लागतो.

नवा फिल्टर जुन्याशेजारी ठेवा

दिसायला सारखा म्हणजे तोच, असं नाही. रिंगेचा घेर आणि आटे जुळले पाहिजेत. बाजारात २० मिलिमीटरचे आणि पाऊण इंचाचे, म्हणजे १९.०५ मिलिमीटरचे, असे दोन्ही आट्यांचे फिल्टर मिळतात. डोळ्यांना फरक कळत नाही. पाऊण इंचाच्या पाइपावर २० चा फिल्टर ढिला चढतो, हातात लडबडतो, आणि लोक तो आवळून आवळून "बसवतात". लडबडणारा फिल्टर परत आणा, आम्ही बदलून देऊ. त्यात तुमची चूक नाही, आमचीही असू शकते.

बसवणं

नव्या रिंगेवर बोटानं ताज्या ऑइलचा पातळ थर फिरवा. कोरडं रबर धातूला पकडतं, पीळ खातं, आणि पुढच्या वेळी सुटायला त्रास देतं. ग्रीस नको. फिल्टर तोंड वर करून बसत असेल तर त्यात थोडं ऑइल भरलं तरी चालतं. आडव्या फिल्टरमध्ये भरू नका, ते तुमच्या बाहीत जाईल.

आता फिल्टर हातानं फिरवत न्या. एका क्षणी रिंग बैठकीला टेकते आणि फिरणं किंचित जड होतं. तिथे थांबा. फिल्टरवर मार्करनं घड्याळातल्या बाराच्या जागी खूण करा. बुडाकडून पाहताना ती खूण तीन, सहा करत नऊवर येईपर्यंत फिरवा. हा झाला पाऊण फेरा, बहुतेक फिल्टरना तेवढाच पुरतो. तुमच्या फिल्टरवर किंवा खोक्यावर वेगळं छापलेलं असेल, अर्धा किंवा पूर्ण फेरा, तर तेच खरं.

"एवढ्यानं काय होणार?" हा प्रश्न आम्हाला रोज येतो. आट्यांचं अंतर साधारण दीड मिलिमीटर धरा. पाऊण फेऱ्यात फिल्टर सव्वा मिलिमीटरलाही थोडा कमीच, १.१ च्या आसपास पुढे सरकतो, आणि रिंग तेवढीच दबते. गळती थांबते ती या दबण्यानं. थंड इंजिन सुरू होताना ऑइलचा दाब ४-५ बारपर्यंत जातो, टायरमधल्या हवेच्या साधारण दुप्पट. नीट दबलेली रिंग तो आरामात सोसते. त्यापुढे आवळलं तर रबर चपटं होऊन बाहेर फुगतं, काही वेळा फाटतं. पाना लावून फिल्टर घट्ट करायचा नाही तो यासाठी. जागाच अडचणीची असेल आणि हात पोचत नसेल, तेव्हा टोपी पाना बोटांनी धरून पाऊण फेरा मोजून पूर्ण करा. दांड्याचा जोर लावू नका.

कागदी फिल्टरवाल्यांसाठी

स्विफ्ट, डिझायरच्या १.३ डिझेल इंजिनला पत्र्याचा डबा नसतो. आत नुसता कागदी फिल्टर आणि वर प्लास्टिकचं झाकण. इथे पाऊण फेऱ्याचा हिशोब चालत नाही. झाकणावर टॉर्कचा, म्हणजे किती जोरानं आवळायचं त्याचा, आकडा कोरलेला असतो, अशा झाकणांवर बऱ्याचदा २५ न्यूटन मीटर. टॉर्क पाना नसेल तर आमच्याकडून अनामत ठेवून एका दिवसासाठी न्या. फिल्टरसोबत आलेली नवी ओ-रिंग, म्हणजे झाकणाची रबरी रिंग, जुनी होती नेमक्या त्याच खाचेत घाला. जुनी काढायला अणकुचीदार लोखंड नको, प्लास्टिकला चरा पडला की झाकणच बदलावं लागतं. ओ-रिंग खोक्यातच राहिली, म्हणून परत येणारी गिऱ्हाइकंही कमी नाहीत.

सुरू करून बघणं

मॅन्युअलमधल्या मापापेक्षा थोडं कमी ऑइल ओता. गाडी आता न्यूट्रलमध्ये आणा, हँडब्रेक तसाच ठेवा. सुरू केली की ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर लगेच बंद करा, रेस देऊन बघू नका. विझला तर इंजिन अर्धा-एक मिनिट चालू ठेवून स्टँडवरच्या गाडीखाली बाजूनं टॉर्चनं पाहा. मग बंद करा, गाडी सपाटीवर उतरवा, पाच मिनिटं थांबा, ऑइल मोजायची काडी पुसून पातळी बघा आणि उरलेलं ऑइल थोडं थोडं भरा. नवा फिल्टर स्वतः थोडं ऑइल पितो, त्यामुळे पहिल्या वेळी काडीवर कमी दिसतं.

रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका. सकाळी डाग दिसला तर आधी तो कुठून पडला ते शोधा. फिल्टर बदलताना सांडलेलं ऑइलही दोन दिवस ठिपकतं. उगाच आणखी एक पिळा देऊ नका.

काळं ऑइल

सेंट्रिंगच्या फळ्यांना, दाराच्या चौकटींना, गडग्याशेजारच्या (दगडी कुंपणाशेजारच्या) खांबांना वाळवी लागू नये म्हणून काळं ऑइल लावायची आपल्याकडे जुनी सवय आहे. पावसात ते धुऊन आधी व्हाळात, म्हणजे ओढ्यात, आणि मग कुणाच्या तरी विहिरीत जातं. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत ते मोडतं, ते परवानाधारक पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवं. नव्या ऑइलच्या रिकाम्या कॅनमध्ये भरून झाकण घट्ट लावून आमच्याकडे आणा, आम्ही फुकट घेतो. त्यात पाणी, कूलंट, रॉकेल मिसळू नका. फिल्टर उलटा करून रात्रभर निथळत ठेवा आणि तोही आणा.

परत देण्याबद्दल: खोकं फुटलेलं नसेल आणि रिंगेला ऑइल लागलेलं नसेल, तर फिल्टर पंधरा दिवसांत बदलून मिळेल. पान्याचे वळ उमटलेला फिल्टर आम्ही परत घेत नाही, मात्र काय चुकलं ते बघून नक्की सांगतो. गाडी वॉरंटीत असेल तर ऑइल आणि फिल्टर या दोन्हींची बिलं जपून ठेवा. दुकानात येताना गाडीचं मॉडेल, वर्ष आणि पेट्रोल की डिझेल हे लिहून आणा. जमलं तर जुना फिल्टरही पिशवीत घालून आणा, फक्त पिशवी दुहेरी असू द्या.