पॉवेल, ॲडम क्लेटन (कनिष्ठ)

(२९ नोव्हेंबर १९०८ – ४ एप्रिल १९७२). अमेरिकन बॅप्टिस्ट धर्मोपदेशक, नागरी हक्क चळवळीतील नेते व काँग्रेसचे (अमेरिकी संसदेचे) सदस्य. जन्म न्यू हेवन (कनेक्टिकट) येथे. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील ॲबिसिनियन बॅप्टिस्ट चर्चचे पाळकपद १९३७ मध्ये वडिलांकडून त्यांच्याकडे आले. कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांवर चालणाऱ्या, पण त्यांना नोकरी नाकारणाऱ्या दुकानांवर त्यांनी बहिष्कार संघटित केले. १९४१ मध्ये बस-बहिष्काराचे नेतृत्व करून ते न्यूयॉर्क नगर परिषदेवर व १९४४ मध्ये काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आले.

वर्णविभाजन पाळणाऱ्या संस्थांना केंद्रीय निधी मिळू नये, ही ‘पॉवेल दुरुस्ती’ ते विधेयकामागून विधेयकाला जोडू पाहत. १९५६ चे शाळा-बांधकाम विधेयक तिच्यामुळेच पडले काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. दुरुस्तीला मत देऊन मूळ विधेयक पाडणारे सदस्य लक्षात घेता सारा दोष पॉवेल यांच्या माथी मारता येत नाही. हे तत्त्व १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या विभागात आले. १९६१ ते १९६७ या काळात ते शिक्षण व श्रम समितीचे अध्यक्ष होते.

शिक्षण व श्रम समितीच्या पैशांचा गैरवापर व बदनामीच्या खटल्यातील न्यायालयीन अवमान यांवरून १९६७ मध्ये सभागृहाने त्यांची चौकशी केली. चौकशी समितीची शिफारस निवडून आलेल्या पॉवेल यांना सदस्यत्व देऊन ठपका व ४०,००० डॉलर दंड, अशी होती. सभागृहाने ती बदलून त्यांना प्रवेशच नाकारला. प्रवेश नाकारण्याची दुरुस्ती २४८ विरुद्ध १७६, तर अंतिम ठराव ३०७ विरुद्ध ११६ मतांनी संमत झाला. सदस्याच्या हकालपट्टीस दोन-तृतीयांश मते लागतात; ३०७ मते त्याहून अधिक असल्याने ही हकालपट्टीच मानावी, असा युक्तिवाद पुढे झाला. परंतु प्रवेश नाकारण्यास साधे बहुमत पुरेल, असा निर्णय सभापतींनी आधीच दिला होता. हकालपट्टी म्हणून मतदान झाले असते, तर मते तितकीच पडली असती असे म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १६ जून १९६९ रोजी ७ विरुद्ध १ मतांनी पॉवेल यांच्या बाजूने निकाल दिला. वय, नागरिकत्व व राज्यातील रहिवास या संविधानातील अटी पुऱ्या करणाऱ्या निर्वाचित सदस्याला सभागृह प्रवेश नाकारू शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले. तोवर नवी काँग्रेस भरून पॉवेल आत आले होते. थकीत वेतनाचा प्रश्न उरल्याने खटला निरर्थक ठरला नाही.

सेवाज्येष्ठता मात्र गेली. १९७० च्या डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीत चार्ल्स रँगेल यांनी थोड्या मतांनी त्यांचा पराभव केला. मायॅमी येथे त्यांचे निधन झाले.