साक्षांकन-कलम (स्कॉट्स विधी)

स्कॉटलंडमधील जुन्या दस्ताच्या शेवटी येणारे, दस्त कोणी लिहिला, सही कोठे व कोणत्या दिवशी झाली आणि साक्षीदार कोण होते हे सांगणारे कलम. तेथे ते ‘टेस्टिंग क्लॉज’ म्हणून ओळखले जाते.

लॅटिन सनदांतील ‘इन कुयुस रेइ तेस्तिमोनियुम’ (‘या गोष्टीच्या साक्षीदाखल’) या समाप्तीचा स्कॉट्स अवतार म्हणजे ‘इन विटनेस ऑफ द व्हिल्क थिंग’. लॅटिन समाप्तीत भर शिक्का लावल्याच्या निर्देशावर असे. सहीने शिक्क्याची जागा १५४० मध्ये घेतली असे म्हटले जाते, पण ते ढोबळ आहे. त्या वर्षीच्या अधिनियमाने नुसता शिक्का अग्राह्य ठरवला. शिक्के हरवतात, नकली करता येतात आणि मालकाच्या मृत्यूनंतरही दस्तावर उमटवता येतात, असे कारण अधिनियमातच दिले आहे. तथापि, त्याआधीचेही सही केलेले करार उपलब्ध आहेत. त्यामुळे कायद्याने चालू रूढी सक्तीची केली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. शिवाय १५७९ च्या अधिनियमाने महत्त्वाच्या दस्तांना सही आणि शिक्का दोन्ही आवश्यक मानले; लिहिता न येणाऱ्यांसाठी चार साक्षीदारांसमोर दोन नोटरींनी सही करावयाची होती. अशा वेळी पक्षकार नोटरीच्या लेखणीला स्पर्श करी आणि तसा उल्लेख दस्तात होई. तो केवळ उपचार नव्हता. नोटरीला मिळालेल्या अधिकाराची ती खूण होती.

१५९३ पासून लेखकाचे, म्हणजे दस्त प्रत्यक्ष लिहून काढणाऱ्याचे, नाव दस्तात घालणे बंधनकारक झाले. या विषयाचा खरा कणा १६८१ चा अधिनियम होय. त्यानुसार साक्षीदाराने स्वतः सही केली पाहिजे, दस्त करून देणाऱ्यास ओळखले पाहिजे, आणि एकतर त्याला सही करताना पाहिले पाहिजे किंवा सही आपलीच असल्याचे त्याच्या तोंडून त्याच वेळी ऐकले पाहिजे. लेखकाची व साक्षीदारांची ओळख नोंदवली नसल्यास दस्त बाद होई. १६९६ मध्ये चिकटवलेल्या गुंडाळीऐवजी पुस्तकाप्रमाणे पाने लिहिण्यास मुभा मिळाली. मात्र प्रत्येक पानावर सही हवी आणि पृष्ठसंख्या साक्षांकन-कलमात सांगावी लागे. खाडाखोड व समासातील भरही तेथेच जाहीर करीत.

करून देणाऱ्याने स्वहस्ते लिहून सही केलेल्या दस्ताला साक्षीदार लागत नसत. व्यापारी व्यवहारांनाही सूट होती.

१८७४ च्या अधिनियमाने लेखकाच्या नावाची अट काढली आणि किरकोळ उणिवांमुळे दस्त आपोआप बाद होणे थांबवले. १९९५ च्या लेखनविषयक अधिनियमाने जुनी चौकट मोडीत काढली. सध्या दस्त वैध होण्यास करून देणाऱ्याची सही पुरते. सही त्याचीच असल्याचे गृहीत धरले जावे यासाठी सामान्यतः एक साक्षीदार घेतात.