आंतरराष्ट्रीय विद्यापीठ क्रीडास्पर्धा (१९२३–१९३९)

वेगवेगळ्या देशांच्या विद्यापीठांत शिकणाऱ्या खेळाडूंसाठी दोन महायुद्धांच्या मधल्या काळात भरलेली स्पर्धामालिका. आजच्या जागतिक विद्यापीठ क्रीडास्पर्धांचा, म्हणजे पूर्वीच्या ‘युनिव्हर्सियाड’चा, उगम या मालिकेत आहे. या स्पर्धा कोणत्याही सरकारने किंवा ऑलिंपिक समितीने सुरू केल्या नाहीत. त्या विद्यार्थी चळवळीतून उभ्या राहिल्या, म्हणून त्यांचे महत्त्व पदकतालिकेपुरते मोजता येत नाही.

पहिले महायुद्ध संपल्यावर १९१९ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी महासंघ स्थापन झाला. ज्या पिढीचे वर्गमित्र खंदकांत मारले गेले होते, त्या पिढीला सीमेपलीकडच्या विद्यार्थ्यांशी संबंध जोडायचे होते. मात्र महासंघाची सुरुवात विजेत्या राष्ट्रांच्या विद्यार्थी संघटनांपासून झाली आणि जर्मन विद्यार्थी आरंभी बाहेरच राहिले. मैत्रीसाठी निघालेल्या या उपक्रमात युद्धातली फूट अशी पहिल्या दिवसापासून होती.

स्पर्धांची कल्पना प्रत्यक्षात आणली ती झाँ पेतिजाँ या फ्रेंच संघटकाने. मे १९२३ मध्ये पॅरिसला पहिली स्पर्धा झाली. तिच्यात फक्त पुरुषांच्या मैदानी शर्यती, उड्या आणि फेकीचे प्रकार होते. पुढच्याच वर्षी वॉर्सात, महासंघाच्या अधिवेशनाला जोडून, दुसरी स्पर्धा भरली. त्यानंतर रोम (१९२७), पॅरिस (१९२८), डार्मश्टाट (१९३०), तुरिन (१९३३), बुडापेस्ट (१९३५) आणि पॅरिस (१९३७) असा क्रम लागला. पोहणे, तलवारबाजी, टेनिस, फुटबॉल असे खेळ हळूहळू आले. हिवाळी खेळांची स्वतंत्र स्पर्धा १९२८ मध्ये इटलीतील कोर्तिना द’आंपेझ्झो येथे सुरू झाली. डार्मश्टाटचे यजमानपद विशेष म्हणायला हवे, कारण ज्या देशाच्या विद्यार्थ्यांना आरंभी दाराबाहेर ठेवले होते, त्याच देशाच्या गावात अकरा वर्षांनी सगळे जमले.

या मालिकेतला सर्वांत संस्मरणीय दिवस ९ सप्टेंबर १९३३. तुरिनचे नवे स्टेडियम त्याच वर्षी बांधून झाले होते आणि त्याला मुसोलिनीचे नाव दिले होते. १५०० मीटरच्या शर्यतीत दोन थोर धावपटू समोरासमोर आले. इटलीचा लुइजी बेक्काली १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचा विजेता होता. न्यूझीलंडचा जॅक लव्हलॉक ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला वैद्यकशास्त्र शिकत होता आणि दोनच महिन्यांपूर्वी त्याने प्रिन्स्टनला एक मैलाचा जागतिक विक्रम ४ मिनिटे ७.६ सेकंदांवर आणला होता. बेक्काली जिंकला. त्याची वेळ होती ३ मिनिटे ४९.२ सेकंद, म्हणजे फ्रान्सच्या झ्यूल लादूमेगच्या जागतिक विक्रमाची नेमकी बरोबरी. आठच दिवसांनी मिलानला त्याने ती ३ मिनिटे ४९.० सेकंद केली. लव्हलॉकने याची परतफेड १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये केली. तिथे त्याने ३ मिनिटे ४७.८ सेकंदांच्या नव्या विक्रमासह सुवर्ण मिळवले आणि बेक्काली तिसरा आला. बर्लिनची ती शर्यत अभ्यासकांना तोंडपाठ असते, तुरिनची मात्र क्वचितच सांगितली जाते. लव्हलॉकला हरवणे किती कठीण होते हे लक्षात घेतले, तर विद्यार्थ्यांच्या या स्पर्धेचा दर्जा कळतो.

मात्र त्याच स्टेडियमच्या नावावरून काळाची दिशाही दिसते. तरुणांचे खेळ ही राजवटीच्या प्रदर्शनाची वस्तू होऊ लागली होती. १९३९ मध्ये मालिका उघडपणे दुभंगली. एक स्पर्धा मोनॅकोत झाली आणि नाझी जर्मनीने व्हिएन्नात आपल्या गोटाची वेगळी भरवली. दोन्ही ऑगस्टमधल्या. १ सप्टेंबरला जर्मन सैन्य पोलंडमध्ये घुसले.

युद्धानंतर १९४७ मध्ये पॅरिसला पुन्हा स्पर्धा झाली, पण शीतयुद्धाने विद्यार्थ्यांची परत वाटणी केली. प्राग येथे १९४६ मध्ये स्थापन झालेली संघटना पूर्वेकडे झुकली. पश्चिमेकडच्यांनी १९४९ मध्ये लक्झेंबर्गच्या पॉल श्लायमर यांच्या अध्यक्षतेखाली आंतरराष्ट्रीय विद्यापीठ क्रीडा महासंघ काढला. त्यामुळे त्या वर्षी इटलीतील मेरानो आणि हंगेरीतील बुडापेस्ट अशा दोन स्पर्धा झाल्या. तुटलेले दुवे जोडण्याचे काम १९५९ मध्ये तुरिनने केले. इटलीच्या प्रिमो नेबिओलो यांनी पुढाकार घेऊन दोन्ही गटांतल्या देशांना बोलावले आणि स्पर्धेला ‘युनिव्हर्सियाड’ हे नाव मिळाले. स्टेडियम तेच, बेक्काली जिथे जिंकला होता ते. मुसोलिनीचे नाव मात्र गेले होते. विजेत्याच्या राष्ट्रगीताऐवजी ‘गाउदेआमुस इगितुर’ हे जुने लॅटिन विद्यार्थिगीत वाजवायचे ठरले. राष्ट्रांच्या भांडणांनी दोनदा फुटलेल्या या मालिकेसाठी याहून योग्य बदल सुचणे अवघड होते. तुरिनच्याच लिव्हिओ बेरुती या विद्यार्थ्याने तिथे धावण्यात नाव केले आणि पुढच्या वर्षी रोम ऑलिंपिकमध्ये २०० मीटरचे सुवर्ण जिंकले.

या परंपरेत मराठी नावही आहे. २०१७ च्या तैपेई युनिव्हर्सियाडमध्ये नाशिकच्या संजीवनी जाधवने १०,००० मीटर शर्यतीत रौप्यपदक मिळवले. त्या स्पर्धेतले भारताचे ते एकमेव पदक.