बेडकाच्या जीवनचक्रावरील खेळ : संग्रहालये व शाळांसाठी माहितीपत्रक

प्राण्यांच्या जीवनचक्रावर आधारित टचस्क्रीन खेळ आम्ही बेळगावात तयार करतो आणि संग्रहालये, शाळा व निसर्ग माहिती केंद्रांत बसवून देतो. मागणी नोंदवण्यापूर्वी असा खेळ कसा घडतो हे आपल्याला ठाऊक असावे, म्हणून आमच्या बेडकाच्या खेळाची माहिती येथे देत आहोत.

या विषयावरील खेळांत बहुधा चित्रे क्रमाने लावायची असतात. अंडी, बेडूकमासा, बेडूक हा क्रम मुलांना पाठ्यपुस्तकातूनच पाठ झालेला असल्याने असा खेळ अर्ध्या मिनिटात आटोपतो आणि मूल पुढच्या दालनाकडे वळते. त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर त्या जीवासमोर खरोखर येणारी अडचण शोधून तीच खेळणाऱ्यासमोर ठेवण्याची पद्धत आम्ही स्वीकारली आहे.

खानापूर, आंबोली या पट्ट्यातील जंगलांत पावसाळ्यात दिसणारा मलबारी उडता बेडूक आम्ही निवडला आहे. त्याची मादी पाण्यावर झुकलेल्या पानांत फेसाचे घरटे करून अंडी घालते, आणि काही दिवसांनी पिल्ले त्यातून निसटून खालच्या पाण्यात पडतात. फांदी निवडणे हा त्यामुळे पहिला डाव ठरतो, कारण खाली पाणी नसेल तर खेळ तिथेच संपतो. पुढे पावसाने उघडीप दिली की डबके आटू लागते. अशा वेळी अनेक जातींचे बेडूकमासे आपली वाढ उरकती घेतात, मात्र त्यातून निघणारा बेडूक आकाराने लहान राहतो. लवकर बाहेर पडावे की पावसाची वाट पाहावी, हे मुलाने ठरवायचे असते, आणि गटाने आलेली मुले सर्वांत जास्त वाद घालतात ती इथेच.

शेपटीचा टप्पा आम्ही मुद्दाम संथ ठेवला आहे. शेपूट गळून पडते असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात ती शरीरातच जिरते, आणि तोंडाची व आतड्याची रचना बदलत असताना पिल्लू काही काळ खात नाही. पडद्यावर कितीही वेळा खाद्य दिले तरी त्याचे तोंड उघडत नाही आणि शेपूट मात्र आखूड होत जाते.

सूचना कन्नड, मराठी व इंग्रजीत, लेखी आणि आवाजी अशा दोन्ही रूपांत असतात. भाषांचा क्रम आपण ठरवावा; अक्षरांचा आकार तिन्हींसाठी सारखाच राहील. मजकूर एका भाषेतून दुसरीत उतरवून न घेता प्रत्येक भाषेत स्वतंत्रपणे लिहिला जातो.

वीज जाऊन आल्यास यंत्र आपोआप सुरू होऊन पहिल्या पडद्यावर येते. पावसाळी दमटपणा लक्षात घेऊन पडदा बाहेरच्या भिंतीला लागून बसवू नये. दालनात जिवंत बेडूकमासे ठेवण्याची विचारणाही आमच्याकडे होते; ते काम आम्ही स्वीकारत नाही.