अर्भकांचे सामाजिक संवेदन

समोर माणूस आहे, तो आपल्याकडे बघतो आहे, आपल्याशीच बोलतो आहे हे चेहरा, नजर, आवाज आणि स्पर्श यांवरून ओळखण्याची तान्ह्या बाळाची क्षमता. तिचा थोडा भाग बाळ जन्मतःच घेऊन येते. बाकीचा पहिल्या वर्ष-दीड वर्षात माणसांच्या सहवासात घडतो. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातल्या मराठी घरांत बाळाच्या कानावर कन्नडही पडते, त्यामुळे या घडणीची एक खास बाजू तिथे दिसते.

नवजात बाळाला २० ते ३० सेंटिमीटरवरचे त्यातल्या त्यात बरे दिसते. अंगावर पिताना आईचा चेहरा साधारण तेवढ्याच अंतरावर असतो. जन्मून काही मिनिटेच झालेली बाळे विस्कटलेल्या आकृतीपेक्षा चेहऱ्यासारख्या आकृतीकडे जास्त मान वळवतात, असे १९७५ मध्ये आढळले. तीन दिवसांच्या आतली बाळे परक्या बाईच्या आवाजापेक्षा आईचा आवाज ऐकण्यासाठी चोखण्याची लय बदलतात (१९८०). पहिल्या वर्षात मेंदूचे आकारमान जवळजवळ दुप्पट होते. कानशिलाच्या आत मेंदूची एक लांब खाच आहे. नजर आणि चेहऱ्याच्या हालचाली टिपण्यात तिचा मोठा वाटा असतो. पाच महिन्यांच्या बाळांतही हा भाग यंत्राच्या हालचालीपेक्षा माणसाच्या हालचालीला अधिक प्रतिसाद देतो.

मात्र नुसता चेहरा दिसून भागत नाही. त्या चेहऱ्याने उत्तर द्यावे लागते. सीमाभागातली बाळाची अंघोळ पाहावी. आजी पाय लांब करून पाटावर बसते, बाळाला नडग्यांवर उताणे घेते, त्याचे डोके तिच्या पावलांकडे, म्हणजे तोंड थेट तिच्यासमोर. तेल जिरवता जिरवता ती म्हणते, “काय बघूलालंस रे? आं?” आणि थांबते. बाळ “आग्गूं” करते. “व्हय व्हय, सांग की मग!” दोन महिन्यांच्या बाळाला शब्द कळत नाहीत, पण आपल्या आवाजानंतर समोरचे तोंड हलते, हा हिशेब त्याला पक्का कळतो. एडवर्ड ट्रॉनिक आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये नेमके हेच उत्तर काढून घेऊन पाहिले. आयांना काही मिनिटे चेहरा निर्विकार ठेवायला सांगितले. बाळांनी आधी आईला बोलते करायची धडपड केली, मग नजर फिरवली, काही रडली. अंघोळीची ती दहा-पंधरा मिनिटे मला बाळाच्या दिवसातली सर्वांत मोलाची वाटतात.

वाढताना मेंदू काही गोष्टी सोडूनही देतो. सहा महिन्यांच्या बाळाला दोन माकडांच्या चेहऱ्यांतला फरक ओळखता येतो, नऊ महिन्यांच्या बाळाला सहसा येत नाही (२००२). आवाजांचेही तसेच. कॅनडातल्या इंग्रजीभाषक घरांतली सहा-आठ महिन्यांची बाळे हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ वेगळे ऐकत. वर्षाची होईतो बहुतेकांची ती जाण ओसरे, हे जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये दाखवले. बेळगावच्या बाळाचा हा भेद टिकतो, कारण तो मराठीत आहे आणि कन्नडमध्येही. बाकी बाबतींत दोन्ही भाषांचे मागणे निराळे. मराठीला ‘चहा’तला आणि ‘चमचा’तला ‘च’ वेगळा हवा. कन्नडला ऱ्हस्व-दीर्घ ‘ए’ आणि ‘ओ’ वेगळे हवेत. दोन भाषांनी पोर गोंधळेल ही भीती घरोघरी ऐकू येते, पण ती निराधार आहे. गर्भात असताना दोन भाषा ऐकलेली नवजात बाळे दोन्हींकडे कान देतात आणि त्या एकमेकींपासून वेगळ्याही ओळखतात (२०१०).

इथेही माणूस लागतोच. पॅट्रिशिया कुल यांच्या २००३ मधल्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांनी समोर बसून खेळणाऱ्या माणसांकडून चिनी भाषेचे ध्वनी उचलले. तोच मजकूर चित्रफितीवर दाखवला तेव्हा काहीच उचलले नाही. शेजारच्या अक्कांनी “इल्ली नोडु” (इकडे बघ) म्हणत हाक मारणे आणि टीव्हीवर कन्नड मालिका चालू असणे यांत म्हणूनच जमीन-अस्मानाचा फरक आहे. नऊ ते बारा महिन्यांच्या सुमारास बाळ दुसऱ्याच्या नजरेमागे नजर नेऊ लागते, मग स्वतः बोट दाखवते. कौलावरच्या पक्ष्याकडे त्याने बोट केले की घरातून “कावळा” येते आणि शेजारून “कागी”. दोन्ही वेळा तिघांची नजर एकाच जागी असते.

बाळांना भल्या-बुऱ्याची पारख असते का, हा मुद्दा अजून वादात आहे. दुसऱ्याला मदत करणारी डोळे लावलेली लाकडी आकृती बाळे पसंत करतात असे २००७ मधल्या अभ्यासाने सांगितले होते. अनेक प्रयोगशाळांनी मिळून केलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पडताळणीत तशी पसंती दिसली नाही.

बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने भारत, पाकिस्तान आणि झांबियातल्या एका संयुक्त चाचणीत भाग घेतला होता. तिच्यात जन्मताना श्वास कोंडलेली बाळेही होती. प्रशिक्षित कार्यकर्त्या दर दोन आठवड्यांनी घरी जाऊन आईवडिलांना बाळाशी खेळण्या-बोलण्याच्या कृती शिकवत. चाचणीने सामाजिक संवेदन वेगळे काढून मोजले नव्हते. पण तिसऱ्या वर्षी या मुलांची बौद्धिक वाढ केवळ आरोग्यसल्ला मिळालेल्या मुलांपेक्षा सरस आढळली.