२२/२२ चा रिपोर्ट आणि तोल जाणारं घर

यंत्रमागावर उभ्यानं पाळी काढणारा चाळिशीतला माणूस. आधी धागा जोडताना बोटं चुकतात, मग चालताना पाय फाकतात, पुढे जीभ जड होते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या गल्लीत अशा चालीचा एकच अर्थ लावला जातो: घेतलेली दिसते. दारूनं लहान मेंदूला खरंच इजा होते, त्यामुळे संशय अगदीच वेडगळ नाही. पण त्याची आई, आईचा भाऊ आणि आता पंचविशीतली पुतणीही तशीच चालत असेल, तर बाटली बाजूला ठेवून घराण्याचा कागद मांडायला हवा.

त्याआधी एक साधी चाचणी. रुग्णासमोर हातभर अंतरावर बसून दोन्ही हातांची तर्जनी डावी-उजवीकडे धरायची. मान न हलवता नजर या बोटावरून त्या बोटावर टाकायला सांगायचं. निरोगी डोळा उडी मारतो, मधला प्रवास दिसतही नाही. एससीए२ (स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया २, लहान मेंदू झिजवून तोल घालवणारा आनुवंशिक आजार) यात डोळा बैलगाडीसारखा सरकत जातो आणि रुग्ण नकळत मान वळवून किंवा पापणी मिटून ती उणीव भरून काढतो. तोल जाणं आणि मंद नजर यांची ही जोडी मुंबईच्या डॉ. नोशीर वाडिया आणि स्वामी यांनी १९७१ मध्ये नऊ कुटुंबांत नोंदवली. जबाबदार जनुक, एटीएक्सएन२, बाराव्या गुणसूत्रावर १९९६ मध्ये सापडलं. हे वर्णन आपल्याच राज्यात झालं असूनही तपासताना डोळ्यांची ही चाल बघायची राहून जाते.

जनुकात बिघडतं काय, हे जकार्डच्या चादरीवरून नीट कळतं. चादरीवरचं फूल भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवरून उतरतं. समजा, या माळेत एके ठिकाणी एकसारखे पुठ्ठे ओळीनं आले आहेत. माळेची नक्कल करणारा माणूस अशाच जागी मोजणी चुकतो. एटीएक्सएन२ मध्ये सीएजी ही तीन अक्षरं अशीच ओळीनं येतात. बहुतेकांत ओळ अशी असते: आठ सीएजी, मग एक सीएए, चार सीएजी, पुन्हा एक सीएए, आणि आठ सीएजी. एकूण २२. सीएए वेगळा दिसला तरी विणतो तेच, कारण दोन्हींचा अर्थ ग्लुटामिन हे एकच अमिनो आम्ल. प्रथिनात काडीचा फरक पडत नाही. पण नक्कल करताना तो खुणेच्या गाठीसारखा असतो, मोजणी तिथं सावरते. ही गाठ गळाली की ओळ सलग होते, डीएनएचे दोन धागे एकमेकांवर चुकीच्या जागी बसतात, मधे फुगा धरतो आणि तो फुगा पुढच्या प्रतीत जादा सीएजी म्हणून कायम होतो.

३३ किंवा त्याहून जास्त झाले की आजार. रुग्णांत ३७ ते ३९ हे आकडे जास्त दिसतात. प्रथिनाची ग्लुटामिनची शेपटी लांबते, ते गुठळ्या धरतं, लहान मेंदूतल्या पर्किन्ये पेशी मरत जातात आणि मेंदूच्या देठातली नजरेची यंत्रणाही ढासळते. सलग ओळ अस्थिर असते, विशेषतः वडिलांकडून येताना वाढते. म्हणून बापाला पन्नाशीत, तर मुलाला विशीत. हंटिंग्टन या मेंदूच्या दुसऱ्या आनुवंशिक आजारातही हाच हिशेब, फक्त जनुक चौथ्या गुणसूत्रावरचं आणि सीमा वेगळ्या: २६ पर्यंत निर्धास्त, ३६ ते ३९ मध्ये आजार होईल किंवा होणारही नाही, ४० च्या पुढे पूर्ण आयुष्य लाभलं तर होणारच.

घोटाळा होतो तो तपासणीत. घरचे पैसे गोळा करून ‘सगळी जनुकं’ वाचणारी एक्झोम तपासणी करतात, रिपोर्ट निर्दोष येतो आणि विषय मिटतो. ही तपासणी डीएनएचे साधारण १५० अक्षरांचे तुकडे वाचते. ३८ सीएजी म्हणजे ११४ अक्षरं. आजूबाजूचा ओळखीचा मजकूर धरून एवढी एकसुरी ओळ त्या तुकड्यात जेमतेम बसते आणि गणना हुकते. फ्रेडरिक अटॅक्सिया या तोल जाण्याच्याच दुसऱ्या आनुवंशिक आजारात जीएए ही तीन अक्षरं शेकड्यांनी वाढतात, तेही जनुकाच्या न वाचल्या जाणाऱ्या भागात. तिथं एक्झोम पाहतच नाही. म्हणून चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्यावं: ‘एससीए १, २, ३, ६, ७, १२ रिपीट मोजणी’, आणि वय पंचविशीच्या आत असेल तर फ्रेडरिकही. रक्त दोन-तीन मिली, जांभळ्या बुचाच्या ईडीटीए नळीत, आणि ते गोठवायचं नाही.

रिपोर्टात दोन आकडे येतात, आईची प्रत आणि वडिलांची. २२/३९ असेल तर प्रश्न संपला. २२/२२ असेल तर मात्र थांबून बघावं. दहातल्या नऊ प्रती २२ च्याच असल्यामुळे तो बहुधा खरंच निरोगी आकडा असतो. पण पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या नकला वाढवण्याच्या पद्धतीत, आखूड प्रत भराभर वाढते आणि फार लांब प्रत मागे पडून दिसेनाशी होते. मोठ्या माणसातली ३६ ते ४५ ची प्रत सहसा दिसते; लहान मुलांत ओळ २०० च्या पुढे गेली असेल तर साधी पीसीआर एकच आकडा दाखवते आणि तो दोनदा छापला जातो. लांब ओळही पकडणारी ट्रिपलेट प्राइम्ड पीसीआर केली आहे का, हा एक प्रश्न प्रयोगशाळेला विचारलाच पाहिजे. आकडा ३१-३२ वर अडकला असेल तर पुन्हा मोजून घ्यावा.

‘आमच्याकडे नात्यात लग्न झालंच नाही, मग आनुवंशिक कसं?’ हा प्रश्न हमखास येतो. एससीए किंवा हंटिंग्टनला एकच बिघडलेली प्रत पुरते. नात्याशी संबंध नाही, प्रत्येक अपत्याला धोका निम्मा. नातं महत्त्वाचं ठरतं ते दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात अशा आजारांत: फ्रेडरिक, किंवा शरीरात तांबं साठवणारा विल्सन. आपल्याकडे मराठी, तेलुगू, कन्नड घरांत मामाची मुलगी करण्याची, कुठं कुठं मामा-भाचीच्या लग्नाची रीत आहे. त्यांच्या सामायिक आजोबांकडे विल्सनची एक बिघडलेली प्रत असेल, तर मामेबहिणीशी लग्नात प्रत्येक अपत्याला धोका ६४ मध्ये १. मामा-भाचीत ३२ मध्ये १. त्याच नातवानं बाहेरची मुलगी केली तर, ९० जणांत एक वाहक धरून, साधारण १,४४० मध्ये १. रीत सोडा असं सांगण्यापेक्षा हे आकडे समोर ठेवलेले बरे.

विल्सन आधी वगळायचा, कारण त्यावर औषध आहे. तेराव्या गुणसूत्रावरचं एटीपी७बी बिघडलं की यकृत तांबं पित्तातून बाहेर टाकू शकत नाही. ते यकृतात, मेंदूत आणि बुबुळाच्या कडेला साठतं. स्लिट लॅम्पखाली तपकिरी-हिरवट कडं दिसतं. रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन (तांबं वाहणारं प्रथिन) डेसिलिटरला २० मिलीग्रॅमच्या खाली, चोवीस तासांच्या लघवीत तांबं १०० मायक्रोग्रॅमच्या वर. लघवी साठवायचा डबा प्रयोगशाळेचाच, तांबंविरहित. घरचं भांडं चालत नाही. तांबं बाहेर काढणारं पेनिसिलामाइन कमी मात्रेनं सुरू करून हळूहळू वाढवायचं, नाहीतर कंप आणि आखडणं उलट बळावतं. गोळी जेवणाच्या तासभर आधी किंवा दोन तासांनी, सोबत बी६ जीवनसत्त्व. जस्ताची गोळी त्याच वेळी घेतली तर दोघी एकमेकींना निकामी करतात. तांब्याच्या भांड्यातलं पाणी बंद, आणि पहिलं वर्ष शेंगा चटणीही बंद. सोलापुरात हेच पथ्य सगळ्यात आधी मोडतं. बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडलेल्या माणसाचं यकृत निकामी होऊ शकतं. रुग्णाच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला २५ टक्के धोका असतो. ते ठणठणीत असलं तरी तपासायचं, कारण लक्षणांआधी औषध सुरू झालं तर मेंदू वाचतो.

औषध असलेल्या आजारांच्या याच यादीत ई जीवनसत्त्वाच्या अभावाचा अटॅक्सिया येतो, हुबेहूब फ्रेडरिकसारखा दिसणारा. रक्तातली पातळी मोजायची, मोठ्या मात्रेत ई द्यायचं. सकाळी धावणारं आणि संध्याकाळी पाय वाकडे करून चालणारं मूल असेल तर लेव्होडोपाच्या अगदी थोड्या मात्रेची चाचणी घ्यायची.

एससीए आणि हंटिंग्टन थांबवणारं औषध आज नाही. म्हणून निरोगी नातेवाइकाची तपासणी वेगळ्या नियमानं होते: अठराच्या आत नाही, आईबापांनी किंवा सासरच्यांनी मागितली म्हणून नाही, आधी समुपदेशन, आणि रक्त दिल्यावरही निकाल न ऐकण्याची मुभा. मूल हवं असलेल्या जोडप्याला घरातल्या रुग्णाचा नेमका आकडा आधी लागतो. तो हाती असेल तरच ११ ते १३ आठवड्यांत वारेचा नमुना घेऊन गर्भाची प्रत मोजता येते, तीही नोंदणीकृत केंद्रातच. तेव्हा सर्वांत आधी रक्त द्यायचं ते आजारी माणसानं.