घाईतलं गिऱ्हाईक: बॉस्टन सेल्टिक्सच्या अदलाबदलींची पार्श्वभूमी

१७ जून २०२४ च्या रात्री बॉस्टन सेल्टिक्सनी डॅलस मॅव्हरिक्सला १०६-८८ असं हरवलं आणि एनबीएचं, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचं, आपलं १८वं विजेतेपद मिळवलं. आपल्याकडे तेव्हा १८ तारखेची सकाळ होती. फायनलचे सामने आपल्या घड्याळात सहाच्या सुमारास सुरू होतात, म्हणजे पहिला चहा आणि पहिला क्वार्टर बरोबरच. त्या सामन्यात सेल्टिक्सकडून सुरुवातीला उतरले जेसन टेटम, जेलन ब्राउन, डेरिक व्हाइट, ड्रू हॉलिडे आणि अल हॉरफर्ड. शेवटचे तिघे सरळ ट्रेडमधून, म्हणजे दुसऱ्या संघांशी केलेल्या अदलाबदलीतून, आलेले. टेटम आणि ब्राउनला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, निवडलं होतं खरं, पण ज्या क्रमांकांवर निवडलं ते दोन्ही मुळात दुसऱ्या संघांचे होते. पाचांपैकी एकही जण बॉस्टनच्या घरच्या वाट्यातून आलेला नव्हता.

हे एका उन्हाळ्यात झालेलं नाही. बॉस्टनला ही खोड सत्तर वर्षं जुनी आहे, आणि ती समजायची तर ‘गरजवंताला अक्कल नसते’ ही आपली म्हण हाताशी असू द्यावी. बॉस्टनने जमवलेल्या प्रत्येक मोठ्या सौद्यात पलीकडे कोणीतरी घाईत होतं. अपवाद एक, २००७ चा. तेव्हा घाई बॉस्टनलाच होती.

आधी बाजाराची रीत. आयपीएलमध्ये हार्दिक पंड्या नोव्हेंबर २०२३ मध्ये गुजरातकडून मुंबईकडे परतला तो रोखीच्या व्यवहारात. एनबीएत नुसते पैसे मोजून असा मोठा खेळाडू उचलता येत नाही. पगाराची मर्यादा ओलांडलेल्या संघाला जेवढ्या पगाराचा माणूस हवा, साधारण तेवढ्या पगाराचे करार समोरच्याला द्यावे लागतात. त्यामुळे वर्षअखेर संपणारा एखादा जाडजूड करार, ज्याच्यावर तो आहे तो खेळाडू खेळत नसला तरी, सोन्याचा होतो. दुसरं चलन म्हणजे पिक, ड्राफ्टमध्ये नवा खेळाडू निवडण्याचा हक्क. मराठीत लिहिताना हा शब्द शेतातल्या पिकाजवळ जातो आणि त्यात काही बिघडत नाही, कारण पुढच्या चार-पाच वर्षांची पिकं आजच विकून टाकायची सोय इथे आहे. जो विकतो तो शेतात काय उगवणार हे न बघताच विकतो.

पहिला धडा १९५६ चा. बॉस्टनकडे बॉब कूझी होता, धावून गोल करणारे होते, पण रिबाउंड, म्हणजे नेम हुकून परतलेला चेंडू, काढून देणारा उंच माणूस नव्हता. प्रशिक्षक रेड ऑरबॅक यांची नजर बिल रसेलवर होती. पहिलं पिक रॉचेस्टरकडे, त्यांनी सिहुगो ग्रीनला घेतलं. दुसरं सेंट लुइस हॉक्सकडे. ऑरबॅकनी त्यांना एड मकॉली देऊ केला. मकॉली सेंट लुइसचाच, तिथला लाडका, आणि त्याचा मुलगा आजारी असल्याने त्यालाही गावी परतायचं होतं. हॉक्सचे मालक बेन कर्नर यांनी वर क्लिफ हेगनही मागून घेतला. हॉक्सना कोणी मूर्ख म्हणू नये: दोनच वर्षांनी, १९५८ मध्ये, त्यांनी या दोघांना घेऊन बॉस्टनला हरवून विजेतेपद मिळवलं. पण त्यांना तिकिटं आज खपवायची होती. रसेलने १३ हंगामांत ११ विजेतेपदं दिली.

१९८० चा सौदा त्याहून चलाख. आदल्या वर्षी डेट्रॉइटने बॉब मॅकअडू मिळवण्यासाठी आपली येणारी पिकं बॉस्टनला देऊन टाकली आणि मग १६-६६ (१६ विजय, ६६ पराभव) असा सपाटून मार खाल्ला. त्यामुळे, आणि नाणेफेकीच्या कौलाने, पहिलं पिक बॉस्टनच्या हातात पडलं. गोल्डन स्टेटला जो बॅरी कॅरल हा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, हवाच होता. बॉस्टनने पहिलं आणि १३वं पिक त्यांना दिलं, बदल्यात रॉबर्ट पॅरिश आणि तिसरं पिक घेतलं. तिसऱ्यावर निवडला केव्हिन मॅकहेल. आधीच आलेल्या लॅरी बर्डशेजारी हे दोघे उभे राहिले आणि १९८१, १९८४, १९८६ अशी तीन विजेतेपदं आली.

मग वाईट काळ. १७ जून १९८६ ला, हो, तीच तारीख, सेल्टिक्सनी दुसऱ्या क्रमांकावर लेन बायसला निवडलं आणि दोन दिवसांत तो कोकेनमुळे गेला. १९९३ मध्ये संघाचा कर्णधार रेजी लुईस हृदयविकाराने गेला. १९९७ मध्ये १५-६७ असा हंगाम सोसून त्या वर्षीचा सर्वांत मोठा नवा खेळाडू टिम डंकन याची आशा धरली, तर लॉटरीत (तळाच्या संघांचा ड्राफ्टमधला क्रम ठरवणाऱ्या सोडतीत) तिसरं आणि सहावं पिक हाती आलं. ज्यांना माणसं वारसाहक्कासारखी मिळत होती त्यांना आता रांगेत उभं राहूनही काही मिळेना.

२००३ मध्ये बास्केटबॉलचा सगळा कारभार डॅनी एंजकडे आला. एंज बेसबॉल सोडून सेल्टिक्सकडे आलेला, बर्ड आणि मॅकहेलबरोबर खेळलेला. त्याची सुरुवातीची वर्षं बघणाऱ्याला काहीच कळत नसे, कारण हा माणूस नुसती अडगळ गोळा करतोय असं वाटायचं. २००६ च्या ड्राफ्टच्या दिवशी त्याने सातवं पिक पोर्टलंडला दिलं आणि सेबास्टियन टेल्फेअर आणला. टेल्फेअर काही चमकला नाही. त्याच्याबरोबर पदरात आलेला थिओ रॅटलिफ पाठीच्या दुखण्याने त्या हंगामात जेमतेम २ सामने खेळला. संघ २४-५८ वर घसरला, त्यात सलग १८ पराभव. ऑक्टोबरमध्ये ऑरबॅक वारले ते हे सगळं बघायला नव्हते, एवढंच बरं.

एवढं हरून निदान लॉटरी तरी लागायला हवी होती. ग्रेग ओडेन आणि केव्हिन ड्युरंट ही त्या वर्षीची दोन नावं, आणि सर्वांत वाईट कामगिरीत बॉस्टन शेवटून दुसरं. २२ मे २००७ ला पाकिटं उलट्या क्रमाने उघडत गेली. पाचव्या क्रमांकाच्या पाकिटातून सेल्टिक्सचं चिन्ह निघालं. नियमाप्रमाणे त्याहून खाली ते जाऊच शकत नव्हते. ओडेन पोर्टलंडला, ड्युरंट सिअ‍ॅटलला.

संघाचा मुख्य खेळाडू पॉल पिअर्स तेव्हा २९ वर्षांचा. आणखी तीन वर्षं पोरं वाढवत बसलो तर तो जाणार, हे उघड होतं. म्हणजे आता बॉस्टन गरजवंत. पण एंजच्या अडगळीची खोली भरलेली होती. २८ जूनला ड्राफ्टच्या रात्री त्याने पाचवं पिक, वॉली झर्बियाक आणि डिलॉन्टे वेस्ट सिअ‍ॅटलला दिले आणि रे अ‍ॅलन घेतला. शिवाय ३५वं पिक, त्यावर ग्लेन डेव्हिस. लोकांनी नाकं मुरडली: ३१ वर्षांचा, घोट्यांची शस्त्रक्रिया झालेला नेमबाज कशाला? पण अ‍ॅलन हा शेवट नव्हता, आमिष होतं. मिनेसोटाच्या केव्हिन गार्नेटने त्याआधी एजंटमार्फत बॉस्टनला नकार कळवला होता. पिअर्सबरोबर अ‍ॅलनही दिसू लागल्यावर त्याचं मन बदललं. सौद्यांचा क्रम उलटा असता तर दोन्ही फिसकटले असते, असं मला वाटतं.

३१ जुलैला गार्नेट आला. त्याच्या बदल्यात गेले पाच खेळाडू आणि पहिल्या फेरीची दोन पिकं: अल जेफरसन, रायन गोम्स, जेरल्ड ग्रीन, टेल्फेअर आणि रॅटलिफ. एका माणसासाठी सात नग. गार्नेटचा पगार सव्वादोन कोटी डॉलरच्या वर. तो जुळवायला उपयोगी पडला तो त्या २ सामने खेळलेल्या रॅटलिफचा करार, एक कोटीहून जास्त डॉलरचा आणि वर्षभरात संपणारा. दोन पिकांपैकी एक तर मिनेसोटाचंच होतं, झर्बियाकच्या सौद्यात बॉस्टनला दिलेलं. स्वतःचंच पिक परत घेऊन मिनेसोटाने आपला सर्वांत मोठा खेळाडू सोडला. पलीकडे सही करणारा माणूस कोण? केव्हिन मॅकहेल. जुन्या मित्राने मेहेरबानी केली असं पुष्कळ जण म्हणत राहिले. मला ते पटत नाही. मिनेसोटा तीन वर्षं प्लेऑफमध्ये नव्हता, आणि २२ वर्षांचा जेफरसन नुकताच सरासरी १६ गुण आणि ११ रिबाउंड काढून गेला होता. बाजारात त्याहून बरा तरुण उंच खेळाडू कोणी देऊ करत नव्हतं.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. २४ विजयांवरून ६६. प्रशिक्षक डॉक रिव्हर्सनी संघाला ‘उबुंटू’ (मी आहे तो आपण सगळे आहोत म्हणून, असा आफ्रिकी विचार) ही हाक दिली. प्लेऑफ मात्र रखडत गेले: अटलांटाशी सात सामने, क्लीव्हलंडशी सात, डेट्रॉइटशी सहा. आणि मग १७ जून २००८ ला लेकर्सवर १३१-९२ असा विजय आणि विजेतेपद.

एंजच्या हुशारीची खरी कसोटी हे सगळं मोडायच्या वेळी लागली. १९८०च्या दशकातला संघ बर्ड आणि मॅकहेल म्हातारे होईपर्यंत सांभाळला गेला आणि बदल्यात काही मिळालं नाही, हे त्याने खेळाडू असताना जवळून पाहिलं होतं. २०१३ मध्ये गिऱ्हाईक सापडलं. ब्रुकलिन नेट्स न्यू जर्सीहून नव्या स्टेडियममध्ये नुकते आलेले, आणि मालक मिखाइल प्रोखोरोव्ह यांनी २०१० मध्ये संघ घेताना पाच वर्षांत विजेतेपदाचा शब्द दिलेला. घड्याळ टिकटिकत होतं. एंजने ३७ वर्षांचा गार्नेट आणि ३५ वर्षांचा पिअर्स त्यांना दिला. ब्रुकलिनने पगार जुळवायला लागणारी माणसं दिली आणि वर २०१४, २०१६, २०१८ ची पहिल्या फेरीची पिकं, शिवाय २०१७ मध्ये पिकांची अदलाबदल करण्याचा हक्क.

यातली मेख पिकांच्या संख्येत नाही. पिक देताना संघ सहसा अट घालतो: ते अगदी वरच्या क्रमांकांत आलं तर माझ्याकडेच राहील. ब्रुकलिनने अशी अट घातली नाही. आपण वाईट खेळणारच नाही, मग अट कशाला? नेट्सनी पहिल्या वर्षी ४४ सामने जिंकले, दुसऱ्या फेरीत मायामीकडून हरले. पुढच्या उन्हाळ्यात पिअर्स वॉशिंग्टनला गेला, २०१५ मध्ये गार्नेट पुन्हा मिनेसोटाला. नेट्स २०१६ मध्ये २१-६१, २०१७ मध्ये २०-६२. हरण्याचा फायदाही त्यांना नाही. तो बॉस्टनच्या खात्यात.

२०१४ च्या पिकवर जेम्स यंग आला आणि टिकला नाही, हेही सांगायला हवं. २०१६ ला तिसऱ्या क्रमांकावर जेलन ब्राउन निवडला तेव्हा गार्डन या घरच्या स्टेडियममध्ये जमलेल्या पाठीराख्यांनी मालकांची हुर्यो उडवली; त्यांना एखादा तयार तारा हवा होता. २०१७ ला तर कमालच. सेल्टिक्स आपल्या विभागात ५३ विजयांसह पहिले आणि ड्राफ्टमध्येही पहिले. फिलाडेल्फियाला मार्कल फुल्ट्झ हवा होता, म्हणून एंजने त्यांचं तिसरं पिक आणि पुढचं एक पिक घेऊन पहिलं त्यांना दिलं. टेटमच हवा होता, असं तो नंतर म्हणाला.

इथे आपल्या बाजूचा एक धागा येतो. फिलाडेल्फियाचं ते तिसरं पिक मुळात सॅक्रामेंटो किंग्जचं. किंग्जचे प्रमुख मालक मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे भारतातले पहिले सामने झाले ते याच किंग्जचे, इंडियाना पेसर्सविरुद्ध. जुलै २०१५ मध्ये किंग्जना पगाराची जागा ताबडतोब मोकळी करायची होती. त्यासाठी त्यांनी तीन खेळाडू, एक पिक आणि दोन वर्षांच्या पिकांच्या अदलाबदलीचा हक्क फिलाडेल्फियाला देऊन टाकला. मोकळ्या झालेल्या जागेत त्यांनी घेतलेल्यांपैकी एक होता राजॉन रॉन्डो, सेल्टिक्सच्या २००८ च्या संघाचा पॉइंट गार्ड, म्हणजे खेळ रचणारा खेळाडू. त्या हक्कामुळे पाचव्यावरचं फिलाडेल्फिया तिसऱ्यावर गेलं आणि तिथून ते पिक बॉस्टनला पोचलं. टेटम हा अशा रीतीने दोन घाईतल्या गिऱ्हाइकांच्या सौद्यांतून आलेला खेळाडू.

शेवटचं, २०१८ चं पिक क्लीव्हलंडला गेलं, कायरी अर्विंगच्या बदल्यात. अर्विंग दोन वर्षांनी करारातून मोकळा होताच निघून गेला. कुठे? ब्रुकलिनला.

२०२१ मध्ये एंज बाजूला झाला आणि प्रशिक्षक ब्रॅड स्टीव्हन्स त्याच्या खुर्चीत बसला. हॉरफर्ड, व्हाइट, क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस एकेक करून आले. हॉलिडेचा सौदा मात्र जुन्या घराण्यातला. सप्टेंबर २०२३ च्या अखेरीला मिलवॉकीने डेमियन लिलार्डसाठी हॉलिडेला पोर्टलंडला दिलं. नव्याने संघ बांधणाऱ्या पोर्टलंडला ३३ वर्षांचा बचावपटू काय करायचा? चार दिवसांत तो बॉस्टनचा झाला.

मे २०२५ मध्ये न्यूयॉर्कविरुद्ध टेटमची टाचेमागची शीर (अकिलीस टेंडन) तुटली. पगाराचा डोंगर ‘सेकंड एप्रन’ या वरच्या मर्यादेपलीकडे गेलेला, आणि तिच्यावर बसलेल्या संघाला दंडही जबर आणि ट्रेडचे नियमही कडक. स्टीव्हन्सने हॉलिडेला पोर्टलंडला, पोर्झिंगिसला अटलांटाला पाठवलं. पोर्झिंगिसच्या बदल्यात जॉर्जेस नियांग आला, पण त्याचाही पगार परवडेना. ऑगस्टमध्ये नियांग घेऊन जाण्यासाठी बॉस्टनने वर दुसऱ्या फेरीची दोन पिकं दिली. ती घेतली युटा जॅझने, जिथल्या बास्केटबॉलचा कारभार त्याच उन्हाळ्यात डॅनी एंजच्या मुलाकडे, ऑस्टिन एंजकडे, आला होता.